हिरांचा पिंजरा: पेशीतली अवजड वाहतूक वर्गात बांधून दाखवण्याची रीत

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात आणि पुढे बी.एस्सी.ला पुटिकांची, म्हणजे पेशीत माल वाहून नेणाऱ्या इवल्या पिशव्यांची, आकृती येते. एक गोल फुगवटा, त्याच्याभोवती काटेरी किनार, आणि बाणाने दाखवलेली दिशा. मुलं ती आकृती हुबेहूब काढतात आणि मार्कही मिळवतात, पण तिच्यात माप कुठेच नसतं. त्यामुळे खरा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच राहत नाही: ६० नॅनोमीटरच्या गोळ्यातून ३०० नॅनोमीटरची काठी बाहेर कशी जाते? हा प्रश्न डोळ्यांनी दिसावा यासाठी प्रतिकृती एकाच मापात बांधावी लागते. कोकणात त्याचं साहित्य घरोघरी आहे, कारण सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे माडाचा हीर, झावळीच्या पात्याची मधली काडी.

माप असं धरायचं: १ नॅनोमीटर म्हणजे २ मिलिमीटर. हे माप मुद्दाम निवडलं आहे. आपली हाडं, त्वचा, कंडरा ज्या कोलॅजेनने बनतात त्याचा पेशीत तयार होणारा कच्चा रेणू, म्हणजे प्रोकोलॅजेन, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड असतो. या मापात तो ६० सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर जाड होतो. चांगल्या झावळीच्या मधल्या भागातला हीर बुडाकडून ६० सेंटिमीटरवर कापला, तर तो जवळपास याच मापाचा भरतो.

बाकीची मापं फळ्यावर आधीच लिहून ठेवा. पटलाची, म्हणजे पेशीच्या पातळ पापुद्र्याची, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे १ सेंटिमीटर. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एलडीएल कण २२ नॅनोमीटरचा, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. सालासकट सुपारी एवढीच असते. क्लॅथ्रिन या प्रथिनाचं आवरण असलेली पुटिका बाहेरून साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे २० सेंटिमीटर. आतड्याच्या पेशीतून चरबी बाहेर नेणारे कायलोमायक्रॉन लहानमोठे असतात. १२५ नॅनोमीटरचा कण असोल्या नारळाएवढा आणि २५० नॅनोमीटरचा अर्ध्या मीटरच्या फणसाएवढा होतो. १० मायक्रोमीटरची पेशी २० मीटर भरते. ती पटांगणात चुन्याने आखावी आणि प्रतिकृती तिच्यात नेऊन ठेवावी. पेशीत जागा किती आणि तिच्या तुलनेत पुटिका केवढीशी, हे त्याशिवाय कळत नाही.

बांधण्याआधी जे सांगायलाच हवं

आयन आणि लहान रेणू पटलातल्या वाहिन्यांतून किंवा वाहक प्रथिनांतून जातात. मोठ्या प्रथिनाला आणि चरबीच्या कणाला हा रस्ता बंद असतो. त्यासाठी पटलाचाच एक तुकडा खेचून, मालासकट तोडून, पिशवी करून पाठवावी लागते. पटल मात्र आपणहून वाकत नाही. त्याला वाकवायचं, योग्य माल त्यात गोळा करायचा आणि ठरलेल्या आकाराचा गोळा तयार करायचा, ही तिन्ही कामं आवरण प्रथिनं करतात.

मुख्य आवरणं तीन. क्लॅथ्रिन पेशीच्या बाहेरच्या पटलावर आणि गॉल्गी पिंडाच्या (पेशीतल्या मालवाटप केंद्राच्या) शेवटच्या टोकाशी काम करतं. कॉप-२ आंतर्द्रव्यजालिकेतून, म्हणजे माल जिथे बनतो तिथून, गॉल्गीकडे माल पाठवतं. कॉप-१ गॉल्गीतून जालिकेकडे परत आणतं आणि गॉल्गीच्या थरांमध्येही फिरतं. कॉप-१ ची प्रतिकृती इथे दिलेली नाही, कारण त्याची रचना पिंजऱ्यासारखी सुटसुटीत नाही आणि हिरांनी ती प्रामाणिकपणे दाखवता येत नाही.

एक खुलासा आधीच करा. विषाणूच्या कवचालाही पुस्तकांत आवरण प्रथिन म्हणतात. ते कवच विषाणूची जनुकं झाकतं. इथे बोलतोय ती प्रथिनं पेशीची स्वतःची आहेत, कामापुरती एकत्र येतात आणि काम झाल्यावर सुटी होतात.

साहित्य

वाळलेले हीर चाळीस. नव्या खराट्याचे चालतात, पण ओल्या झावळीतून काढलेले असतील तर आठवडाभर उन्हात वाळवा. हिरवा हीर वाळताना आकसतो आणि सांध्यातून सुटतो. सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब साडेतीन मीटर. दाभण, कात्री, फूटपट्टी, तीन रंगांचा जाड दोरा, रंगपंचमीचे लहान फुगे, जुना बनियन, लांब पायमोजा, प्लास्टिकची एक बांगडी, दोन सालासकट सुपाऱ्या आणि तोंडाला ३० सेंटिमीटर रुंद अशी टोपली.

हीर बुडाशी जाड आणि शेंड्याकडे बारीक असतो. काड्यांसाठी मधला भागच वापरा. व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये घट्ट पण जोर न लावता बसेल तेवढ्या जाडीचा. एका हिरातून असा ४० सेंटिमीटर भाग मिळतो. जाड बूड ट्यूब फाडतं आणि शेंडा आत खुळखुळतो. काडी आत सरकत नसेल तर टोक पाण्यात बुडवा. खोबरेल किंवा रॉकेल लावू नका, रबर फुगून सैल पडतं आणि दुसऱ्या दिवशी अख्खा पिंजरा गळून पडतो.

क्लॅथ्रिनचा पिंजरा

क्लॅथ्रिनचा एक घटक तीन पायांचा असतो. तीन जड साखळ्या, प्रत्येकी सुमारे १ लाख ९० हजार डाल्टनची (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), मध्यभागी एकत्र येतात. प्रत्येकीला एक हलकी साखळी चिकटलेली असते. बार्बरा पिअर्स यांनी १९७० च्या दशकात डुकराच्या मेंदूतून हे प्रथिन वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं. तीन पायांचा आकार १९८१ मध्ये स्पष्ट झाला.

तीन काड्यांचा सांधा असा करा. ट्यूबचा दीड सेंटिमीटर तुकडा घ्या. बरोबर मध्यावर दाभणाने एका बाजूने भोक पाडा, आरपार नको. दोन टोकांतून दोन काड्या आणि भोकातून तिसरी काडी बसते. तिसऱ्या काडीचं टोक ब्लेडने थोडं निमुळतं करा. सांधा सुरुवातीला इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो, पण पिंजऱ्यात बसला की रबर ताणून तिन्ही पाय सारख्या कोनात येतात.

असे ६० सांधे लागतील, म्हणजे ९० सेंटिमीटर ट्यूब. काड्या ९०, प्रत्येकी ३.२ सेंटिमीटर. सांध्यातली जागा धरून एका सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ३.७ सेंटिमीटर अंतर येतं, म्हणजे साडेअठरा नॅनोमीटर. खऱ्या पिंजऱ्यातलं अंतर हेच आहे. काड्या आधी एकत्र कापून मोजून घ्या. एखादी ३.५ ची निघाली तर तिच्या शेजारचा षटकोन वाकडा होतो आणि दोष शेवटपर्यंत सापडत नाही.

मांडणीचा नियम एकच: प्रत्येक सांध्याला एक पंचकोन आणि दोन षटकोन मिळाले पाहिजेत. फुटबॉलच्या काळ्या आणि पांढऱ्या तुकड्यांची रचना अगदी हीच असते. पाच सांध्यांचा पंचकोन आधी जमिनीवर करा. त्याच्या पाच बाजूंवर पाच षटकोन चढवा. इथपर्यंत आला की कडा आपोआप वर उचलल्या जातात, आणि हेच दाखवायचं आहे. मग पुढचा पंचकोन दोन षटकोनांच्या मधल्या खाचेत येतो. बारा पंचकोन आणि वीस षटकोन झाले की पिंजरा बंद होतो. व्यास साधारण साडेअठरा सेंटिमीटर भरतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पंचकोन विसरण्यात. नुसते षटकोन जोडत गेलात तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सपाट चादर होते, कितीही मोठी केली तरी ती वाकत नाही. ही चूक मुलांना एकदा करू द्या. पेशीतही पटलाच्या आतल्या बाजूला क्लॅथ्रिनच्या अशा सपाट चादरी सापडतात. बंद पिंजऱ्याला मात्र बारा पंचकोन लागतातच. लहान पिंजरा असो की मोठा, पंचकोन बाराच, षटकोन कमीजास्त. वेळ कमी असेल तर २८ सांधे आणि ४२ काड्यांचा पिंजरा करा, त्यात बारा पंचकोन आणि फक्त चार षटकोन येतात. ३६ सांधे आणि ५४ काड्या घेतल्या तर षटकोन आठ होतात. हे दोन्ही आकार प्रयोगशाळेत शुद्ध क्लॅथ्रिनपासून मिळाले आहेत. लहान पिंजऱ्यात पंचकोन एकमेकांना टेकतात, तेव्हा वर दिलेला नियम तिथे लावू नका.

इथे प्रतिकृतीची एक मर्यादा उघड सांगितली पाहिजे. आपल्या पिंजऱ्यात दोन सांध्यांमध्ये एकच काडी आहे. खऱ्या क्लॅथ्रिनचा पाय साडेसत्तेचाळीस नॅनोमीटर, म्हणजे आपल्या मापात साडेनऊ सेंटिमीटर लांब असतो. तो पहिल्या काडीवरून जातो, सांध्याशी गुडघ्यात वळतो, पुढच्या काडीवरून जातो आणि शेवटचं टोक आत, पटलाकडे वळवतो. हे लाल दोऱ्याने दाखवा: कुठल्याही एका सांध्यापासून निघून तिन्ही दिशांना दोन-दोन काड्यांवर दोरा गुंडाळा आणि शेवटी दोन सेंटिमीटर आत लोंबू द्या. शेजारच्या सांध्यापासून निळा, त्याच्या पुढच्यापासून हिरवा. तिन्ही रंगांत वळण एकाच बाजूला घ्या. एकाचं उजवीकडे आणि दुसऱ्याचं डावीकडे गेलं की आकृती चुकली. पूर्ण पिंजऱ्यात प्रत्येक काडीवरून चार पाय जातात. एकेक जोड कमजोर असूनही पिंजरा पटल वाकवण्याइतका मजबूत का, आणि तरी झटकन सुटा का होऊ शकतो, याचं उत्तर या एकमेकांत गुंतलेल्या पायांत आहे.

आता रंगपंचमीचा फुगा रिकामा आत सोडा आणि १० सेंटिमीटर होईपर्यंत फुगवा. पिंजरा आणि फुगा यांच्यामध्ये चारेक सेंटिमीटर पोकळी राहील. ती भरून काढायचा मोह आवरा. तिथे जोडप्रथिनं असतात. बाहेरच्या पटलावरचं मुख्य जोडप्रथिन एपी-२. ते एका हाताने पटलातल्या विशिष्ट फॉस्फरसयुक्त चरबीला धरतं, दुसऱ्याने माल धरणाऱ्या ग्राहीच्या शेपटीला, आणि बाहेरून क्लॅथ्रिनला. क्लॅथ्रिन स्वतः ना पटलाला धरतं ना मालाला. परीक्षेत सर्रास चुकणारा मुद्दा हा आहे, म्हणून लोंबणारे दोरे फुग्याला टेकत नाहीत हे बोट लावून दाखवा.

माल आत घेताना

टोपलीच्या तोंडावर बनियनचं कापड ताणून बांधा. टोपलीचा आतला भाग म्हणजे पेशीचा आतला भाग, कापड म्हणजे पटल. सुपारी कापडावर बाहेरच्या बाजूने ठेवा आणि खालून दोन टाके घालून अडकवा. ते टाके म्हणजे ग्राही: बाहेर माल, आत शेपूट. दुसऱ्या मुलाने टोपलीच्या आतून अर्धा बांधलेला पिंजरा कापडाच्या खाली धरायचा, टाक्यांची टोकं पिंजऱ्याला बांधायची आणि पिंजरा हळूहळू खाली घेत पूर्ण करत जायचं. कापड खोलगट होतं, सुपारी आत उतरते. शेवटी टोपलीच्या आतून मानेभोवती दोरा चार वेढे घालून आवळा. हे डायनामिन. ते जीटीपी (पेशीतला ऊर्जा देणारा रेणू) खर्चून मान तोडतं.

पिंजरा वरून, सुपारीच्या बाजूने ठेवला की सगळा अर्थ उलटतो. आवरण नेहमी पेशीद्रव्याच्या बाजूला असतं, माल पटलाच्या पलीकडे. क्लॅथ्रिन असो की कॉप, हा नियम कधीच मोडत नाही.

पेशीत हा सगळा प्रकार साधारण मिनिटभरात उरकतो. मान तुटल्यावर एचएससी-७० नावाचं प्रथिन, ऑक्सिलिनच्या मदतीने, एटीपी खर्चून पिंजरा उलगडतं. हेही करून दाखवा. सांधे एकेक काढा आणि डब्यात टाका. उघडी झालेली पिशवीच पुढच्या पटलाशी एकजीव होऊ शकते. आवरण निघालं नाही तर माल पोहोचत नाही, आणि पुढच्या फेरीला सांधेही उरत नाहीत.

ग्राही खड्ड्यात गोळाच झाला नाही तर काय होतं, याचं उदाहरण एलडीएलचं. आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉलच्या काही रुग्णांत ग्राही एलडीएलला नीट धरतो, पण त्याच्या शेपटीतला एक बदल त्याला जोडप्रथिनाकडे जाऊ देत नाही. माल धरलेला, पण पिशवीत शिरत नाही. कोलेस्टेरॉल रक्तातच साठतं. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना या मार्गाच्या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. हे दाखवायला सुपारीचे टाके कापडापुरतेच ठेवा, पिंजऱ्याला बांधू नका. पिंजरा खाली येतो, कापड वर राहतं.

कॉप-२ आणि साठ सेंटिमीटरचा हीर

इथून पुढचा भाग सावकाश घ्या. तास अपुरा पडत असेल तर क्लॅथ्रिनचा पिंजरा आदल्या दिवशी बांधून ठेवा, पण हा वर्गातच बांधा.

कॉप-२ चं काम क्रमाने चालतं. सार-१ जीटीपी धरून जालिकेच्या पटलात आपलं टोक रोवतं. ते सेक-२३ आणि सेक-२४ या जोडीला बोलावतं. माल ओळखायचं काम सेक-२४ करतं. यांच्यावर बाहेरून सेक-१३ आणि सेक-३१ यांच्या काठ्या येऊन पिंजरा होतो. सेक ही नावं यीस्टच्या अशा वाणांवरून आली ज्यांच्यात स्रवण बंद पडलं होतं. रँडी शेकमन आणि पीटर नोव्हिक यांनी ते १९७९ पासून शोधले. शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल पुटिकांच्या वाहतुकीसाठी मिळालं.

या पिंजऱ्यात एका सांध्याला चार काठ्या मिळतात, म्हणून सांधाही चौकाडी लागतो. ट्यूबचा २ सेंटिमीटर तुकडा घ्या, मध्यावर दाभणाने आरपार भोक पाडा. ३ सेंटिमीटरचा दुसरा तुकडा घ्या, त्याचं टोक तिरकं कापा, त्याला दोरा बांधा आणि दाभणाने दोरा पहिल्या तुकड्यातून ओढा. दुसरा तुकडा मध्यात आला की जास्तीचं कापून टाका. फुली तयार होते. असे १२ सांधे आणि ५ सेंटिमीटरच्या २४ काड्या.

बांधणी सोपी आहे. सहा सांध्यांचा षटकोनी पट्टा करा, तो पिंजऱ्याचा कंबरपट्टा. वर तीन सांध्यांचा त्रिकोण धरा. त्याच्या प्रत्येक सांध्यातून दोन काड्या खाली पट्ट्याच्या दोन शेजारच्या सांध्यांना जातात. खालीही तसाच त्रिकोण, पण फिरवून: वरून जिथे पट्ट्याच्या बाजूवर त्रिकोण आला, तिथे खालून चौकोन यायला हवा. दोन त्रिकोण एकाच काडीला टेकले तर खालचा भाग एक घर फिरवा. एकूण आठ त्रिकोण, सहा चौकोन. व्यास साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साठ नॅनोमीटरला थोडा कमी. आत ८ सेंटिमीटरचा फुगा बसतो.

हा पिंजरा हातात धरला की दबतो, चौकोन तिरके होतात. मुलं म्हणतील बांधणी चुकली. बांधणी बरोबर आहे. खऱ्या पिंजऱ्यातही सांध्याचे कोन काही प्रमाणात बदलतात, आणि त्याच काठ्यांपासून मोठा पिंजराही होतो: ३० सांधे, ६० काड्या, प्रत्येक सांध्याभोवती त्रिकोण-पंचकोन-त्रिकोण-पंचकोन. तो १८ सेंटिमीटर भरतो. वेळ असेल तर दुसऱ्या गटाला तो द्या.

आता कापलेला ६० सेंटिमीटरचा हीर वर्गापुढे ठेवा आणि म्हणा, हा या पिंजऱ्यात घाला. काही जण मोडतील, काही जण गुंडाळायला बघतील. दोन्ही नियमबाह्य. प्रोकोलॅजेन हा तीन साखळ्यांचा घट्ट पिळलेला दांडा असतो, तो जालिकेतच पिळला जातो आणि पिळलेलाच बाहेर जावा लागतो. त्याची घडी घालून पुन्हा उलगडायची सोय पुढे कुठेच नाही. मोठ्या पिंजऱ्यातही तो मावत नाही. थोडा वेळ हा पेच तसाच राहू द्या, लगेच उत्तर देऊ नका.

मग पायमोजा घ्या. मोज्याची आतली पोकळी म्हणजे जालिकेची आतली बाजू. तीन हीर त्यात घाला, टोकं पंजाकडे. बाहेरून पंजावर अर्धा पिंजरा चढवा. पिंजरा पूर्ण करायला गेलात तर १२ सेंटिमीटरवर मान आवळली जाते आणि हीर मधेच अडकतात. आता मोज्याभोवती मानेच्या जागी ६ सेंटिमीटरची बांगडी घाला. बांगडीला दोरा बांधा, तो कापडातून आरपार नेऊन हिरांना बांधा. बाहेरचं दुसरं टोक पिंजऱ्याला. हे टँगो-१, २००९ मध्ये सापडलेलं प्रथिन. ते पटलातून आरपार बसतं. आतल्या टोकाने, एचएसपी-४७ या मदतनिसामार्फत, कोलॅजेन धरतं. बाहेरच्या टोकाने सेक-२३ ला. बाहेर पडण्याच्या जागेभोवती त्याचं कडं होतं, मान वेळेआधी आवळू देत नाही आणि पुढच्या टप्प्यावरचं पटल जवळ खेचून आणतं. बांगडी असेपर्यंत मोजा पुढे ओढत राहा. हीर पूर्ण पुढे गेल्यावरच बांगडी काढून मान आवळा.

बाहेरचा पिंजरा लांबट कसा होतो, हेही त्याच सांध्यांनी दाखवता येतं. ३० चौकाडी सांधे सहा-सहाच्या पाच ओळींत मांडा, प्रत्येक ओळ अर्धं घर सरकवून, आणि ४८ काड्यांनी तिरक्या जोडा. सोळा सेंटिमीटरची नळी मिळते. हवी तेवढी लांबवता येते, हीर त्यातून सरळ जातो. शुद्ध केलेल्या कॉप-२ प्रथिनांपासून अशा नळ्या प्रयोगशाळेत तयार झाल्या आहेत. सेक-३१ ला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवलं की आवरण मोठं होतं, हे २०१२ मध्ये दिसलं. जिवंत पेशीत कोलॅजेन खरोखर मोठ्या सुट्या पिशवीतून जातं, की जालिका आणि पुढचा थांबा यांच्यामध्ये काही क्षण बोगदा उघडतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे. मुलांना दोन्ही शक्यता सांगा, ती त्यांची स्वतःची पुढची कामं असू शकतात.

बिघाड कुठे होतो हे आजारांवरून शिकवणं सगळ्यात पक्कं बसतं. सेक-२३ए मधल्या एका बदलाने सेक-१३/३१ नीट येत नाहीत. जालिका फुगते, कोलॅजेन अडकतं, बाळाच्या डोक्यावरची टाळू उशिरा भरते, चेहऱ्याच्या हाडांत आणि डोळ्यांच्या भिंगात दोष येतो. सार-१बी बिघडलं तर आतड्यातून कायलोमायक्रॉन बाहेर पडत नाहीत. चरबी पेशीत साठते, मुलाला जुलाब होतात, वजन वाढत नाही, आणि चरबीत विरघळणारी अ, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात. दोन्ही बिघाडांत सगळ्यात आधी अडतो तो मोठा माल. स्कर्व्हीत मात्र चूक आवरणाची नसते. क जीवनसत्त्वाअभावी कोलॅजेनचा पीळच पक्का होत नाही आणि न पिळलेला माल जालिका सोडत नाही. हे दोन प्रकार वेगळे ठेवा, उत्तरपत्रिकेत ते हमखास एकत्र येतात.

गाबोळीत (माशाच्या अंड्यांत) काय दिसतं

आवरणाची पुटिका महाविद्यालयातल्या प्रकाशसूक्ष्मदर्शीत दिसत नाही. त्याची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, पुटिका त्याच्या निम्मी. पण तिने केलेलं काम दिसतं. १९६४ मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी एडिस डासाच्या अंडपेशीत आवरणाचे खड्डे पाहिले. मादीने रक्त प्यायल्यावर सात तासांत हे खड्डे पंधरा पटीने वाढून एका अंडपेशीवर सुमारे तीन लाख झाले होते, कारण अंड्याचं पिवळं बनवणारं प्रथिन बाहेरून आत ओढलं जात होतं. माशांतही तसंच. व्हायटेलोजेनिन हे लाखो डाल्टन वजनाचं प्रथिन मादीच्या यकृतात बनतं, रक्तातून अंडाशयात येतं आणि क्लॅथ्रिनच्या खड्ड्यांतून अंडपेशीत शिरतं. गाबोळी घट्ट आणि पिवळी होते ती त्यामुळे.

ताज्या बांगडा माशाची, अजून पूर्ण न पिकलेली गाबोळी घ्या. बर्फात ठेवलेला मासा चालतो, डीप फ्रीझरमधला नाही. गोठताना अंडपेशी फुटतात. १०० मिलिलिटर पाण्यात ०.७ ग्रॅम मीठ विरघळवा. नुसत्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा या पाण्यात काचपट्टीवर ठेवून दोन सुयांनी मोकळा करा. आधी चार पट, मग दहा पट भिंग. एकाच तुकड्यात दोन तऱ्हा दिसतील: लहान, आरपार दिसणाऱ्या, मोठं केंद्रक असलेल्या अंडपेशी, ज्यांनी अजून माल घेतलेला नाही, आणि कित्येक पट मोठ्या, दाणेदार, गडद, ज्यांच्यातून प्रकाश जात नाही. ०.५ टक्के मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. लहान पेशी गर्द निळ्या होतात, मोठ्या फिक्या राहतात.

वरून साधी आच्छादक काच ठेवली तर मोठ्या पेशी चिरडतात आणि पिवळ्याचे थेंब सगळीकडे पसरतात. खळगीची काचपट्टी वापरा, नाहीतर चार पट भिंगाखाली काच न ठेवताच बघा. अगदी पिकलेल्या गाबोळीत अंडी पाणी घेऊन पुन्हा पारदर्शक होतात, त्यामुळे फरक उलटा वाटतो. अशी गाबोळी या प्रयोगाला घेऊ नका. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, म्हणून हा भाग मे अखेरपर्यंत उरकून घ्या. पिंजरे पावसाआधी सोडवून सांधे कोरड्या डब्यात आणि हीर चुलीवरच्या माळ्यावर किंवा अशाच उबदार जागी ठेवा. दमट हवेत हिरांना बुरशी येते आणि सांध्याशी ते मऊ पडून मोडतात.